एकोणचाळीस मिनिटांचा शनी

१

शरच्चंद्राचा हात मोडला तो कैरीच्या लोणच्यावर घसरून. डॉक्टरांनी हे कारण दोनदा विचारून घेतलं आणि शेवटी कागदावर नुसतं 'पडून' असं लिहिलं.

तारीख ८ फेब्रुवारी १९५४, वार सोमवार. मुलुंडच्या आमच्या 'सदानंद निवास'च्या अंगणात शरच्चंद्र लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन शिरला. लग्न त्याचंच होतं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मृणालिनीशी, वैशाखात. तो चार पावलं आत येतोय तोच पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून एक भली मोठी चिनी मातीची बरणी खाली आली आणि त्याच्यापुढे दोन हातांवर फुटली. दुसरा कोणी असता तर मागे सरकला असता. शरच्चंद्र घाटकोपरच्या शाळेत भूमिती शिकवतो. तो नेमकं काय फुटलं ते बघायला पुढे गेला. तेलावर पाय पडला, बरणीच्या तुकड्यांभोवती त्यानं जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढलं आणि उजव्या हातावर बसला.

तेवढ्यात कारखान्याचा दहाचा भोंगा झाला.

मी जिन्यात होतो. तार ऑफिसात माझी रात्रपाळी असते, त्यामुळे दिवसा मी लोकांच्या वाटेत उभा राहतो. त्या वेळी मी आमच्या इमारतीची झाडलोट बघणाऱ्या दत्तारामच्या वाटेत उभा होतो. आम्ही दोघंही धावलो. पण आमच्या आधी अंगणाच्या कोपऱ्यातल्या बदामाखालून मार्तंडराव उठले. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं, आणि समाधानानं म्हणाले, "आला!"

"कोण?" शरच्चंद्रानं जमिनीवरून विचारलं.

"शनी."

जिन्याच्या तोंडाशी मार्तंडरावांचा फळा टांगलेला असतो. त्यावर सकाळपासून खडूनं लिहिलं होतं: 'ता. ८. अंक ८. स्वामी शनी. सकाळी ९.२० ला अपघातयोग. रहिवाशांनी जपावे.'

"पण मार्तंडराव, आता दहा वाजले," मी म्हणालो.

"बाळ, तो शनैश्चर आहे. रमतगमत येतो. नोव्हेंबरात उशिरा आला, डिसेंबरात उशिरा आला. माझ्या आयुष्यात मंद दोघंच, एक शनी आणि दुसरी आमची ही. बारा म्हणजे बाराला पान वाढ, असं तीस वर्षं सांगतोय, पाऊण वाजल्याशिवाय पान दिसत नाही."

मग त्यांनी काखेतली हिरवी वही उघडली, वरच्या मजल्यावरच्या मृणालिनीच्या दाराकडे बघितलं, आणि काहीतरी लिहायला लागले.

"काय लिहिताय?" शरच्चंद्र कण्हत म्हणाला.

"कारण," मार्तंडराव म्हणाले. "मुलीची जन्मतारीख सव्वीस. दोन अधिक सहा, आठ."

२

त्या वहीबद्दल सांगायला हवं. मार्तंडराव गोदीतले निवृत्त हेडक्लार्क. अठरा वर्षं ते अपघातांची वही लिहीत होते. साकीनाक्याला बैलगाडी नाल्यात गेली, गोराईच्या खाडीत होडी उलटली, कुठे कोण गच्चीवरून पडलं, सगळ्याची तारीख, वेळ, माणसाचा मूलांक, त्या घटकेला कुठला ग्रह कुठे होता आणि म्हणून हे कसं होणारच होतं. वाईट झालेल्या घरी ते स्वतः वही घेऊन जायचे आणि तासभर बसून समजावायचे. विचित्र गोष्ट अशी की त्या घरची माणसं त्यांना दुसऱ्यांदाही बोलवायची.

दिवाळीपर्यंत ते फक्त झालेल्या अपघाताचं सांगत. दिवाळीनंतर होणाऱ्या अपघाताचं सांगायला लागले. तेव्हापासून फळा आला.

संध्याकाळी शरच्चंद्राचे वडील अनंतराव घाटकोपरहून आले. सभ्य माणूस. चहा घेतला, बशी पुसून ठेवली, आणि म्हणाले, "मी अंधश्रद्धाळू नाही. पण मुलगा भूमिती शिकवतो, आणि त्याचा खडूचाच हात मोडला, हे मला बरं लक्षण वाटत नाही. रविवारपर्यंत विचार करतो. मग कळवतो."

'मग कळवतो' म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

सगळ्यात कठीण गोष्ट मृणालिनीच बोलली. ती आमच्याकडे, तळमजल्यावर, माझ्या मावशीपाशी येऊन बसली होती. म्हणाली, "मोडलेलं बरं. मार्तंडकाकांच्या वहीत आधीपासून आहे. बाबा सतरा जानेवारीला गेले. माझा पतंग कौलांत अडकला होता, मी हट्ट केला म्हणून वर चढले. एक अधिक सात. अंक माझाच आहे ना मावशी? आता हात मोडलाय. पुढच्या वेळी काय?"

ती अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आता वीस वर्षांची होती आणि तांदूळ निवडत होती. खडे तांदळात आणि तांदूळ खड्यांत पडत होते.

माझी उत्तरामावशी तीस वर्षं लालबागला म्युनिसिपालटीच्या प्रसूतिगृहात सुईण होती. तिच्या हातून चार हजार माणसं जगात आली. माणसाचं पहिलं रडणं ऐकलेलं असल्यामुळे पुढचं रडणं खरं की खोटं हे तिला लगेच कळतं, असा तिचा दावा आहे. मृणालिनी वर गेल्यावर तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"बाळ्या, ती बरणी कुणाची?"

"वसुधाकाकूंची. मार्तंडरावांच्या घरातली. उन्हात ठेवली होती कठड्यावर."

"वारा होता?"

"पानसुद्धा हललं नाही."

"मांजर?"

"माझ्या अंथरुणात. मी उठल्यापासून ते तिथंच आहे, त्याला साक्षीदार मी."

मावशी अंगणात गेली. दत्तारामनं तुकडे झाडून कोपऱ्यात ढीग केला होता. तिनं एक फोड उचलली, नाकाशी धरली आणि टाकून दिली.

"काय झालं?"

"बुरा आलाय. हे लोणचं खराब झालेलं होतं." ती ढिगाकडे बघत राहिली. "शनी मोठा काटकसरी दिसतो. कठड्यावर तीन बरण्या होत्या, बाळ्या. त्यानं बरोबर टाकाऊ तेवढी निवडली."

३

पहिला संशयित मधुकर. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहतो, एकटा. मृणालिनीवर त्यानं कविता केल्या होत्या हे सगळ्या इमारतीला माहीत होतं, कारण त्या तो मोठ्यानं करायचा.

"होय, मी गॅलरीत होतो," तो म्हणाला. "दाढी करत होतो. आरशात मला फक्त मी दिसत होतो."

"ते नेहमीचंच आहे," मी म्हणालो.

"तू गप रे. मावशी, मी कशाला बरणी ढकलीन? लग्न मोडलं तर मला आनंद होईल, हे कबूल. पण मी बरणी ढकलली असती तर ती शरच्चंद्रावर पडली असती. मी एवढा ढिला नाही."

मावशीनं त्याचा चेहरा निरखला. डाव्या गालावर कापल्याची लांबलचक लाल रेघ होती आणि उजवी बाजू अजून खरखरीत होती.

"हे कधी कापलं?"

"बरणी फुटली तेव्हाच. केवढ्यानं दचकलो! मग उजवा गाल करायची हिंमत झाली नाही."

बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "हा नाही. स्वतः ढकललेल्या बरणीचा आवाज कधी येणार हे ढकलणाऱ्याला माहीत असतं. तो दचकत नाही."

दुसरा दत्ताराम. मूळचा मालवणकडचा, जिन्याखाली राहतो. तो बरणी पडली तेव्हा माझ्यासमोरच होता, पण गॅलरी सकाळी तोच धुतो आणि बरण्या तोच सरकवतो.

"सरकवलंय, पण भितीकडे," तो तावातावानं म्हणाला. "मधे वीतभर जागा सोडलंय. बरणी आपसून पडाची नाय, बाये. आणि माका काय इचारतंस? शनीचो राग खरो माझ्यारच आसा! डिसेंबरात वरसून वरवंटो जिन्यार गडगडत इलो, मी उडी मारलंय म्हणान वाचलंय. सा'चो भोंगो होय होतो तेवा."

"आणि नोव्हेंबरात?"

"कपडे वाळत घालूची काठी. दूधवाल्याच्या घागरीर पडली. सगळा दूध अंगणात. मांजर दोन दिस खूश."

मावशी थांबली. "काठी, वरवंटा, बरणी. बाळ्या, हा ग्रह आकाशातून येतो की स्वयंपाकघरातून?"

मला हसू आलं, पण लगेच गेलं. कारण तिसरा संशयित उरला होता तो स्वतः मार्तंडराव. बरणी त्यांच्या घरची, फळा त्यांचा, आणि तीन भाकितं खरी झाल्यापासून मुलुंडच्या पलीकडून माणसं विचारायला यायला लागली होती. लोकांचं आपल्याकडे बघणं बदललं की माणसाला काय वाटतं ते मला माहीत आहे. तार ऑफिसात मला एकदा चुकून साहेबांनी 'गुड' म्हटलं होतं.

"पण ते तर अंगणात बसले होते," मी म्हणालो. "बदामाखाली. सव्वानऊपासून."

"म्हणून तर त्यांच्याकडे जायचं," मावशी म्हणाली. "आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या वहीकडे."

४

मार्तंडरावांनी वही दाखवायला अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. उलट चष्मा पुसून दिला.

"वाचा. शास्त्रात लपवाछपवी नसते. छापील पंचांगावरून गणित करतो, स्टँडर्ड टाइममध्ये, आणि हे घड्याळ रोज स्टेशनवर जाऊन लावून आणतो." त्यांनी खिशातलं घड्याळ आमच्या नाकासमोर धरलं.

मावशीनं तीन नोंदी मोठ्यानं वाचल्या.

"सव्वीस नोव्हेंबर. योग सकाळी सात एकतीसचा. प्रत्यक्ष घडले आठ दहाला. सतरा डिसेंबर. योग संध्याकाळी पाच एकवीसचा. घडले सहाला. आठ फेब्रुवारी. योग नऊ वीसचा. घडले नऊ एकोणसाठला."

"मंद ग्रह," मार्तंडराव कौतुकानं म्हणाले, जसं नातवाच्या बोबड्या बोलण्याबद्दल म्हणावं.

"मंद खरा," मावशी म्हणाली. बोटांवर मोजत होती. मग तिनं वही मिटली आणि एकदम विषय बदलला. "वसुधा आहे ना? जरा चहाला सांगून येते."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. वसुधाकाकू चुलीपाशी होत्या. भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ टकटक करत होतं. त्यात चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती. माझ्या हातावर पाच.

"काकू, घड्याळ मागे पडलंय तुमचं," मी म्हणालो.

"मागे नाही रे. ते मुंबई टाइमचं आहे. सरकारनं सगळीकडे स्टँडर्ड टाइम केला तेव्हा आमचे मामंजी म्हणाले, 'कोण कुठलं सरकार माझ्या दिवसातली एकोणचाळीस मिनिटं उचलणार?' मरेपर्यंत काटा हलवू दिला नाही. गेल्यावर मला हलवावासा वाटला नाही. मी ह्याच्यावरच सगळं करते. ह्यांना काय, हे स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकतात?"

बाहेरून मार्तंडरावांचा आवाज आला. "चहा पाचचा म्हटलं की पावणेसहाला येतो! मंद!"

मावशी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा एखादं मूल आडवं आल्यावर होत असेल तसा झाला होता. हळूच म्हणाली, "बाळ्या, तू बाहेर जाऊन मार्तंडरावांना कुठलाही मोठा अपघात विचार. लांबडा."

मी बाहेर गेलो आणि होडीचा विचारला. पण दाराजवळ बसून. माझ्या स्वभावात हा एक दोष आहे.

५

आत मावशी म्हणाली, "वसुधा, ग्रह कितीही मंद असला तरी दर वेळी मोजून एकोणचाळीस मिनिटांनी मंद नसतो. मधुकरच्या हातावर घड्याळ आहे. दत्ताराम भोंग्यावर चालतो. तुझे हे स्टेशनवर वेळ लावून आणतात. ह्यांपैकी कोणीही करता तर फळ्यावर लिहिलेल्या नऊ वीसला नऊ वीसलाच करता. सगळ्या इमारतीत मुंबई टाइमवर फक्त एक भिंत आहे. ही."



"मी खाली बघितलं होतं गं," वसुधाकाकू म्हणाल्या. "अंगणात कोणी नव्हतं. हे लांब कोपऱ्यात. तो मुलगा गॅलरीखालून येत होता, तो मला वरून दिसलाच नाही. आवाज ऐकला आणि मी दार लावून घेतलं."

"पण का?"

"आमच्या श्यामकांतचं तू ऐकलं असशील?"

"तुमचा मुलगा. मी पाहिलेला नाही."

"बारा वर्षांचा होता. ऑगस्टची सतरा. ह्यांची तपकीर संपली होती. ह्यांनीच आणायला पाठवलं. कोपऱ्यावर टांगा उधळला." काकूंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "दोन वर्षं हे जेवले म्हणजे नुसतं ताटाला हात लावून उठले. मग कुणीतरी ह्यांना अंकांबद्दल सांगितलं. हे रात्रभर बेरजा करत बसले. सकाळी म्हणाले, 'वसू, सतरा. एक आणि सात. आठ. हे होणारच होतं गं.' त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तेव्हापासून ती वही आहे. दुसऱ्यांच्या घरी जाऊन तेच सांगतात, 'होणारच होतं, तुमची चूक नाही.'"

होडीचा अपघात सांगणारे मार्तंडराव भरतीपर्यंत आले होते. मी मान हलवत होतो.

"दिवाळीत कुणीतरी चिडवलं ह्यांना. झालेलं कोणीही सांगेल म्हणे, होणारं सांगा. ह्यांनी सांगितलं आणि काहीच झालं नाही. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'अंक जर खोटे असले वसू, तर मग त्याला मीच...'" काकू थांबल्या. "पुढच्या योगाला मी काठी ढकलली."

मावशीनं चहाचं आधण उतरवलं.

"पोरीच्या माथी येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रविवारी अनंतराव आले की मीच सगळ्यांसमोर सांगते. ह्यांचं मग जे व्हायचं ते होईल. पोरीचा संसार पुढे आहे."

आणि मला पेच दिसला. खरं सांगितलं तर मृणालिनी सुटते आणि मार्तंडराव वीस वर्षं मागे जाऊन त्या टांग्यापाशी उभे राहतात. खरं नाही सांगितलं तर लग्न मोडतं, आणि ती पोर जन्मभर स्वतःच्या तारखेला घाबरत जगते. एकाच आठानं एका माणसाला सोडवलं होतं आणि दुसऱ्याला धरलं होतं.

मावशी अचानक उठल्याचा आवाज आला.

"वसुधा, रविवारी तू तोंड उघडायचं नाहीस."

"अगं पण..."

"मृणालिनी माझ्या हातची आहे. लालबागला झालेली. बाळ्या! होडी बुडाली असेल तर घरी चल. माळ्यावरची ट्रंक काढायची आहे."

६

रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. अनंतराव खुर्चीवर. शरच्चंद्र गळ्यात हात बांधून. मृणालिनी आईच्या मागे. मार्तंडराव वहीसकट, कारण मावशीनं त्यांना 'शास्त्रीय सल्लागार' म्हणून बोलावलं होतं. वसुधाकाकू दारात, पदर घट्ट लपेटून. मधुकर खिडकीबाहेर, बोलावलं नव्हतं म्हणून.

"मार्तंडराव," मावशी म्हणाली, "मला एक शंका आहे. तुमच्या तीन योगांमध्ये आणि प्रत्यक्ष अपघातांमध्ये किती अंतर पडलं, जरा वजाबाकी करून सांगता?"

"सांगतो की. आठ दहातून सात एकतीस गेले... एकोणचाळीस. सहातून पाच एकवीस... एकोणचाळीस." पेन्सिल थबकली. "नऊ एकोणसाठ वजा नऊ वीस..."

दारात वसुधाकाकूंनी डोळे मिटले.

"एकोणचाळीस," मार्तंडराव पुटपुटले. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग छताकडे, आणि मग असे उठले की खुर्ची मागे पडली. "अहो! अहो, मुंबई टाइम! माझे वडील सांगायचे, ही एकोणचाळीस मिनिटं खोटी आहेत! शनी मंद नाही. शनी वक्तशीर आहे. मीच त्याला चुकीच्या घड्याळानं मोजत होतो!"

"असं होय!" मावशी म्हणाली. एवढं सुंदर नाटक मी दामोदर हॉलमध्येही पाहिलेलं नाही.

"ग्रहांना काय सरकारी परिपत्रक जातं? ते मूळच्या वेळेनंच चालणार! तीन पुरावे आहेत. तीन!"

"म्हणजे शनीचा हिशेब मुंबई टाइमनं करायचा?"

"शंभर टक्के."

"मग हे बघा." मावशीनं ट्रंकेतून काढलेली पिवळी पडलेली डायरी त्यांच्यापुढे ठेवली. "मी प्रत्येक बाळंतपणाची वेळ लिहून ठेवत असे. प्रसूतिगृहातलं घड्याळ म्युनिसिपालटीचं, म्हणजे मुंबई टाइमचं. मृणालिनीच्या वडिलांकडे रेल्वेचं घड्याळ. बाहेर बाकावर बसून त्यांनी ते पाहिलं, बारा वीस. मध्यरात्र उलटली म्हणून पत्रिकेला तारीख दिली सव्वीस. माझ्या डायरीत काय आहे ते वाचा."

मार्तंडरावांनी डायरी डोळ्यांजवळ नेली. "रात्री अकरा एकेचाळीस. तारीख... पंचवीस." त्यांचा आवाज बारीक झाला. "दोन अधिक पाच. सात. अहो, ही मुलगी आठाची नाहीच. ही साताची आहे!"

अनंतराव पुढे वाकले. "एक मिनिट. हिची खरी जन्मतारीख कुठली मग?"

"कुणाचं घड्याळ धरता त्यावर आहे," मावशी म्हणाली. "सरकारचं धरा, सव्वीस. शनीचं धरा, पंचवीस. अनंतराव, ह्या लग्नात तुम्ही भीत कुणाला होता? सरकारला की शनीला?"

अनंतरावांनी बराच विचार केला. सभ्य माणूस. "शनीला," ते म्हणाले.

"सिद्ध झालं," शरच्चंद्र म्हणाला. तो आठवड्यात पहिल्यांदाच हसला आणि खांदा दुखून लगेच थांबला.

पण मृणालिनी हसली नव्हती. ती मार्तंडरावांसमोर येऊन उभी राहिली. "मग बाबा कशानं गेले, काका? सतरा होती ना?"

मार्तंडरावांनी हिरवी वही उघडली, कितीतरी पानं मागे गेले, नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ शोधली आणि तिच्यावर सावकाश, दोनदा, काट मारली.

"कौल सैल होतं पोरी," ते म्हणाले. "कौल. मी तेव्हा वर जाऊन पाहिलं होतं. तुझ्या पतंगाचा काही संबंध नव्हता, आणि तुझा तर नव्हताच. ही वहीतली चूक माझी."

मृणालिनी तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. मी मावशीकडे पाहिलं. मावशी जरा वेळ कान देऊन ऐकत होती.

"खरं आहे," ती मला म्हणाली. "आता चहा टाक."

७

वसुधाकाकूंकडून मावशीनं वचन घेतलं, की यापुढे कठड्यावरून काही खाली येणार नाही. काकूंनी दिलं, पण चेहरा पडला. "सव्वीस तारखेचा फळा लागलाय," त्या म्हणाल्या. "सकाळी आठ चाळीस. खाली कंसात 'मुंबई टाइम' लिहिलंय. काही झालं नाही, तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील."

मावशीनं मला हाक मारली. मला हे नीट सांगायचं आहे की मी स्वखुशीनं तयार झालो. मधुकर नको म्हणाला होता, त्याचा गाल अजून दुखत होता. दत्ताराम म्हणाला, "एकदा मी वाचलंय, पुन्ना कशाक?" शेवटी असं ठरलं की पडायची पाळी लावायची. फेब्रुवारी माझा, मार्च मधुकरचा. वैशाखात लग्नाची गडबड, तेव्हा शरच्चंद्रानं आपण होऊन नाव दिलं. म्हणाला, मला सराव आहे.

सव्वीस तारखेला मार्तंडराव बदामाखाली बसले होते. बदामाच्या खोडाला आता स्वयंपाकघरातलं लंबकाचं घड्याळ टांगलं होतं, उशीवर ठेवून आणलेलं. त्यासाठी ते तीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले होते आणि तिथलं बघून थक्क झाले होते. बाराचं जेवण त्या घड्याळात बरोबर बाराला तयार असतं, हे कळल्यापासून ते काकूंना चुकूनही मंद म्हणत नव्हते.

आठ चाळीस झाले. मी जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवरून पडलो. मनासारखं पडणं अवघड असतं. गुडघा खरोखरच सोलवटला आणि शर्टाची बाही फाटली.

"आला!" मार्तंडराव ओरडले. "सेकंदाचा फरक नाही!"

त्यांनी धावत येऊन मला उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या उपरण्यानं गुडघा पुसला. वसुधाकाकूंनी हळद आणली, आणि तिच्यासोबत वाटीभर लोणचं. चांगल्या बरणीतलं. मार्तंडराव माझ्या शेजारी बसून लिहायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं:

'बाळ. मूलांक पाच. स्वभाव धांदरट. इजा किरकोळ. कारण, शनी. हे होणारच होतं. मुलाची काही चूक नाही.'

ते सगळं मीच ठरवून केलेलं होतं. तरी शेवटची ओळ वाचून मला फार बरं वाटलं.